सह्याद्रीची छायाचित्रे आणि चौकटीबाहेरची माणसे

कल्याण स्थानकाच्या पुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे, थळ घाटाच्या पायथ्याशी जातो. दुसरा कर्जतकडे, बोर घाटाच्या पायथ्याशी. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या गावांतल्या माणसाला सह्याद्री जवळचा वाटतो त्याचे पहिले कारण हे दोन फाटे होत. रविवारी पहाटेची लोकल पकडावी आणि आसनगावला उतरून माहुली गाठावा, वांगणीला उतरून चंदेरी, नेरळला उतरून पेब. कल्याणहून एसटीने मुरबाडच्या वाटेला लागले की गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट आणि पुढे माळशेज ओलांडून खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगड. एवढेही नको असेल तर गच्चीवर उभे राहावे. मधे नवी इमारत उठलेली नसेल तर मलंगगडाचा सुळका तेथूनही दिसतो.

या भूगोलामुळे आमच्या भागात एक छंद रुजला. डोंगरांची छायाचित्रे काढणे हा तो छंद. नोकरी सांभाळून, रजा जपून, पगारातून कॅमेऱ्याचे पैसे बाजूला टाकून तो करणारी, आणि एकदा लागल्यावर आयुष्यभर न सोडणारी माणसे येथे पुष्कळ आहेत. या छंदाच्या गुणगानाची येथे आवश्यकता नाही. प्रश्न वेगळा आहे. या छंदातून जमलेला ऐवज इतिहासाचे साधन ठरू शकतो का? आणि ठरायचा असेल तर कोणत्या अटीवर? उत्तर शोधण्यासाठी सह्याद्रीकडे कॅमेरा कसा वळला, त्याने काय टिपले आणि काय वगळले, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला १८३९ मध्ये. त्याच्या थोडे आधी हा डोंगर निरखणाऱ्यांत कर्नल विल्यम सायक्स हे एक ठळक नाव. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करणारा हा अधिकारी नाणेघाटातल्या लेण्यापर्यंत पोचला होता आणि तेथील सातवाहनकालीन शिलालेखाकडे त्याने अभ्यासकांचे लक्ष वेधले. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णनही त्याने केले. ते १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील त्याच्या लेखात आले. आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो तेच हे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळचा सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असले की पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगांचे कडे उमटते. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्या वर्तुळाच्या मध्यभागी प्रत्येकाला स्वतःचीच सावली दिसते. डोंगराच्या प्रत्येक चित्राबाबत हे थोड्याफार प्रमाणात खरे आहे.

सायक्सनंतर पंधरा वर्षांनी, मे १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाहून वर चढला आणि त्याने माथेरान ‘शोधून काढले’. त्या काळी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. डोंगरात ठाकूर, कातकरी, धनगर यांची वस्ती होतीच. तेव्हा शोध लागला तो साहेबाला, एवढाच त्याचा अर्थ. परंतु या घटनेने डोंगर पाहण्याची एक नवी रीत आपल्याकडे आणली. ती म्हणजे ‘पॉइंट’. पॅनोरमा पॉइंट, लुइझा पॉइंट, एको पॉइंट ही नावे आजही तशीच आहेत. पॉइंट म्हणजे अशी जागा, जेथून डोंगर हा केवळ देखावा होतो. धनगराला त्याच जागी चराई दिसते, ठाकराला वाट दिसते, किल्लेदाराला मारा दिसतो. पॉइंटवर उभ्या राहिलेल्या माणसाला तेथे काहीच करायचे नसते. फक्त पाहायचे असते. कॅमेरा येण्यापूर्वीच कॅमेऱ्याची जागा ठरून गेली होती, असे म्हटले तरी चालेल.

कल्याणला आगगाडी पोचली १ मे १८५४ रोजी, आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तीही १८५४ मध्येच. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होते. हरिचंद चिंतामण यांनी तर छायाचित्रणाला व्यवसायाचे रूप दिले. म्हणजे ही कला आपल्या लोकांच्या हाती फार उशिरा आली असे नाही. तिच्यात सुरुवातीला माणसांचे चेहरे होते, इमारती होत्या, लेणी होती. डोंगर मात्र अभावानेच होता.

याचे कारण तंत्रात आहे. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन तेथल्या तेथे धुवायची. सारा व्यवहार दहा-पंधरा मिनिटांत उरकायचा. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाऱ्या खोलीचे काम देणारा तंबू एवढा संसार डोंगरावर चढला पाहिजे. सॅम्युएल बोर्न याने १८६३ ते १८६६ या काळात हिमालयात तीन मोहिमा काढल्या आणि मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर चित्रे घेतली, ती हमालांच्या तांड्याच्या बळावर. त्या चित्रांखाली बोर्नचे नाव आहे. काचा वाहणाऱ्यांची नावे नाहीत.

सह्याद्रीत आणखी एक अडचण होती. कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला भुलते आणि हिरव्या-तांबड्याला जवळजवळ आंधळी असते. त्यामुळे आकाश पांढरेफटक उमटे आणि झाडी काळी. दूरचे डोंगर निळसर धुरकटपणात विरून जात. हिमालयात बर्फ होते, स्वच्छ हवा होती. काळ्या-पांढऱ्या चित्राला लागणारा उठाव तेथे आयता मिळे. सह्याद्री हा काळ्या बेसॉल्टचा. त्याच्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि त्यानंतर काही काळ जी हिरवळ असते ती त्या काचेला दिसतच नाही. सह्याद्रीचा खरा ऋतू आणि कॅमेऱ्याचा ऋतू यांचे जमत नव्हते. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या विसाव्या शतकाच्या आरंभी. तोवरचा छायाचित्रांतला सह्याद्री हिवाळ्या-उन्हाळ्यातला, उघडा आणि दगडी आहे.

तरीही आरंभीच्या काळात सह्याद्रीचे एक दालन छायाचित्रांत आले, ते रेल्वेमुळे. बोर घाटाच्या चढणीचे काम हे त्या काळातील अचाट कामांपैकी एक: पंधरा मैलांवर लांबी, सुमारे १८०० फुटांची चढण, पंचवीस बोगदे. त्याचे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन काम पुढे चालवले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. या कामाच्या छायाचित्रांचे संग्रहही ॲलिसच्याच नावावर आहेत. सह्याद्रीचे आरंभीचे चित्रण करणाऱ्यांत एक स्त्री, आणि तीही कंत्राटदार, असावी ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन-सांस्कृतिक चर्चेत फारशी आलेली नाही, म्हणून मुद्दाम नोंदवली. या घाटात हजारो मजूर राबले, आणि पटकीसारख्या साथींत फार मोठ्या संख्येने मेले. त्या काळच्या चित्रांत स्थिर उभा राहिलेला माणूस तेवढा उमटतो. काम करणारा माणूस हलतो, आणि हलणारा माणूस काचेवर धुरासारखा पुसट होतो किंवा होतच नाही. राबणाऱ्याने चित्रातून नाहीसे व्हावे ही येथे कोणाची दुष्ट योजना नव्हती. तंत्राचाच तो गुण होता. परिणाम मात्र तोच झाला.

याच काळातले दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने येथील जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. त्यातील माणसांची चित्रे वेगळी घेतलेली आहेत आणि पार्श्वभूमीची वेगळी. नंतर माणसे कापून त्या देखाव्यांवर बसवली आहेत. माणूस एकीकडे आणि भूमी दुसरीकडे, आणि त्यांची जोडणी कात्रीने! आपल्याकडच्या निसर्ग-छायाचित्रणाची जन्मखूणच म्हणावी अशी ही गोष्ट आहे. पुढे कात्री गेली, विभागणी राहिली. माणसे मानववंशशास्त्राच्या पुस्तकात गेली आणि डोंगर दिनदर्शिकेवर.

मराठी मनाने डोंगराकडे पाहिले ते मात्र पॉइंटवरून नव्हे. आपण किल्ल्याच्या निमित्ताने डोंगर पाहिला. चिंतामण गंगाधर गोगटे यांचे महाराष्ट्रातील किल्ल्यांवरचे पुस्तक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. पुढे ही परंपरा वाढत गेली आणि प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे यांच्यासारख्या लेखकांनी भटक्यांच्या पिढ्यांना वाटा दाखवल्या. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतापासून आपल्या कवितेत आणि भाषणांत सह्याद्री आला तो कठीण, काळा, पाषाणाचा. कॅमेऱ्यानेही तोवर तसाच दाखवला होता. त्यामुळे शब्द आणि चित्र यांचे येथे एकमत झाले.

परंतु आपल्या ललित वाङ्मयाने आणखी एक काम केले, जे छायाचित्रांना जमले नाही. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या ‘माचीवरला बुधा’त राजमाचीचा परिसर आहे आणि त्यात बुधा आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’त तुंगचा किल्ला आहे आणि त्याची हवालदारी मानणारा धोंडी आहे. ‘जैत रे जैत’मध्ये लिंगोबाचा डोंगर आहे आणि त्याच्याशी वैर मांडणारा ठाकर आहे. या तिन्ही कादंबऱ्यांत डोंगर काढून घेतला तर माणूस उरत नाही, आणि माणूस काढून घेतला तर डोंगर मुका होतो. गोनीदा स्वतः कॅमेरा घेऊन किल्ल्यांवर जात असत आणि त्यांनी गडांची छायाचित्रेही काढली. तथापि वाचकाच्या मनात त्यांचा सह्याद्री राहिला तो शब्दांतला. कारण शब्दांत त्यांनी डोंगरावर राहणाऱ्याला जागा दिली होती.

आता आपल्या भागातल्या छंदाकडे वळू. १९६० नंतर बडोद्याला तयार होणारा अग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. एका रोलमध्ये बारा चित्रे. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म मिळू लागली, पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ही मिळे. पुढे याशिका, झेनिट, पेंटॅक्स यांचे दिवस आले. बारा किंवा छत्तीस चित्रांत दोन दिवसांचा डोंगर बसवायचा म्हणजे प्रत्येक वेळी बोट दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. रोल धुऊन यायला आठवडा लागे. या काटकसरीचा एक अनपेक्षित लाभ झाला. चित्रे थोडी असल्यामुळे त्यांची नोंद ठेवली जाई. चित्राच्या पाठीमागे किंवा स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर किल्ल्याचे नाव, तारीख, कधी सोबत्यांची नावे, कधी छिद्रमान आणि वेग. ज्या गावात मुक्काम केला तेथल्या घराचे, वाट दाखवायला आलेल्या गड्याचे एखादे चित्र रोलच्या शेवटी उरलेल्या फिल्मवर घेतले जाई. डोंगराच्या चित्रांपेक्षा ती ‘उरलीसुरली’ चित्रे आज अधिक मोलाची वाटतात.

रंगीत फिल्म सर्रास झाली आणि सह्याद्री हिरवा झाला. हे विधान वाचकांना विचित्र वाटेल. डोंगर तर पूर्वीही पावसाळ्यात हिरवाच होता. परंतु आपल्या सामूहिक कल्पनेतला सह्याद्री हिरवा झाला तो अलीकडे, आणि त्याचे श्रेय छायाचित्रांचे आहे. डिजिटल कॅमेऱ्याने ही प्रक्रिया पूर्ण केली. कमी उजेड, धुके, पाऊस या फिल्मला जड जाणाऱ्या गोष्टी त्याला सोप्या झाल्या. ज्या चार महिन्यांत कॅमेरा पिशवीत ठेवावा लागे तेच आता छायाचित्रणाचे मुख्य महिने आहेत. त्याच काळात आकाशातून पाहिलेला डोंगरही आला. उद्धव ठाकरे यांनी हवेतून घेतलेल्या छायाचित्रांचे ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक २०१० मध्ये निघाले. गडांची तटरेषा आणि माच्यांचे आकार त्यात जसे दिसतात तसे पायी हिंडणाऱ्याला दिसत नाहीत. आता ड्रोनने ती उंची पुष्कळांच्या हाती दिली आहे.

या साऱ्यांत सौंदर्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. चिंता वेगळी आहे. उंची वाढली, रंग गहिरे झाले, चित्रांची संख्या मोजण्यापलीकडे गेली. पण पॉइंटवरची दृष्टी तशीच राहिली. चौकट लावताना आपण विजेची तार टाळतो, पत्र्याचे छप्पर टाळतो, गुरांचा गोठा टाळतो. चित्र ‘स्वच्छ’ करतो. कोकणकड्याच्या हजारो चित्रांत त्याच्या पायथ्याचे, मुरबाड तालुक्यातले बेलपाडा गाव कोठे आहे हे कोणाला सांगता येईल?

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची दरड कोसळून इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वस्ती तिच्याखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली, आणि काही दिवसांनी शोध थांबवण्यात आला. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावात दीडशेवर माणसे अशीच गेली होती. इर्शाळवाडी मात्र आमच्या भागातल्या भटक्यांच्या नेहमीच्या वाटेवरची. चौक गावाहून, म्हणजे १८५० मध्ये मॅलेट ज्या गावाहून माथेरानवर चढला त्याच गावाकडून, इर्शाळगडाची वाट जाते आणि ती या वाडीतूनच वर चढे. वाडीत पाणी पिऊन, जेवणाचे सांगून पुढे गेलेले किती जण ठाणे, डोंबिवली, कल्याणात असतील! गडाच्या नेढ्याचे चित्र त्यांच्यापैकी बहुतेकांकडे असेल. वाडीचे किती जणांकडे आहे?

हा प्रश्न कोणाला दोष देण्यासाठी विचारलेला नाही. त्यामागे एक व्यावहारिक गोष्ट आहे. एका जागेची वीस-तीस वर्षांतली, तारखेनिशी आणि वस्तीसकट घेतलेली चित्रे हाताशी असतील तर उतारावरची झाडी कधी कमी झाली, घरे कोठे सरकली, ओहोळाने वाट कधी बदलली, हे सांगता येते. मुंब्र्याजवळच्या पारसिकच्या डोंगराला दगडखाणींनी किती कुरतडले, हे सांगायला जुन्या चित्राइतका चांगला साक्षीदार नाही. असे साक्षीदार आपल्याकडे आहेत, पण ते खाजगी घरांत आहेत.

येथे राजवाड्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. वि. का. राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवायला बाहेर पडले तेव्हा दप्तरे वाड्यांच्या माळ्यांवर, वाळवी आणि उंदरांच्या तोंडी होती. घरच्यांना ती रद्दी वाटे. त्या रद्दीतून बावीस खंड उभे राहिले. आज ठाणे-डोंबिवलीच्या सदनिकांत माळ्यांवर निगेटिव्हचे डबे आहेत. कोकणच्या दमट हवेत फिल्मवर बुरशी धरते आणि रंगीत फिल्मचे रंग उडत जातात. घर पुनर्विकासाला गेले की सामान आवरताना पहिल्यांदा टाकले जाते ते हेच. छंद करणारा गेला की त्याच्या मुलांना त्या डब्यातला डोंगर ओळखू येत नाही, कारण नाव लिहिलेले नसते किंवा शाई पुसट झालेली असते. ‘इंदू’ फिल्म करणारा कारखाना बंद पडला, रोल धुणारी दुकाने बहुतेक गेली. निगेटिव्हवरून पुन्हा चित्र काढण्याची सोय दिवसेंदिवस दुर्मिळ होते आहे. डिजिटल चित्रांची अवस्था याहून बरी नाही. ती संख्येने अफाट आणि नोंदीने कंगाल आहेत.

तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. डोंगरांच्या छायाचित्रांचा छंद इतिहासाचे साधन ठरू शकतो, पण त्यासाठी तीन गोष्टी चित्रात किंवा चित्रासोबत असाव्या लागतात: जागा, तारीख आणि तेथला माणूस. पहिल्या दोन गोष्टी पेन्सिलने लिहिता येतात. तिसरीसाठी चौकट थोडी खाली, पायथ्याकडे आणावी लागते. चित्राचा तोल त्याने कदाचित ढळेल. पत्र्याचे छप्पर चकाकेल, तार आकाश कापून जाईल. तेवढी किंमत द्यायला हरकत नसावी.

ज्यांच्याकडे असे डबे आहेत त्यांनी एखाद्या रविवारी डोंगराऐवजी माळ्यावर चढावे. चित्रे काढणारा घरात असेल तर त्याला शेजारी बसवावे आणि एकेका चित्रामागची वाट, गाव आणि सोबत आलेल्या गड्याचे नाव विचारून लिहून घ्यावे. हे काम कोणत्याही संस्थेची वाट न पाहता करता येते, आणि ज्याला ती नावे आठवतात त्याच्या हयातीतच करता येते.